सांगली-मिरज-कुपवाडमधल्या चोऱ्या आणि घरफोड्या: आकडे कसे वाचावेत, चोरी झाल्यास काय करावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५,०२,७९३ होती. एवढ्या आकाराच्या शहरात वर्षाला किती चोऱ्या होतात, त्या वाढतात की घटतात, हे कसं ओळखायचं ते या पानावर आहे. पद्धत मात्र सातारा, बार्शी, लातूर, कुठल्याही शहराला लागू पडते.

चोऱ्या वाढल्यात असं सगळे म्हणतात. खरंच वाढल्यात का?

एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घरफोडी, दुचाकीचोरी, मंगळसूत्र हिसकावणं, मोबाइल आणि शेतातली केबल हे पाच वेगळे धंदे आहेत. चोर वेगळे, माल खपवायची जागा वेगळी, हंगाम वेगळा. या सगळ्यांची बेरीज करून निघालेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. शिवाय कलमं बदलली, ठाण्याच्या हद्दी बदलल्या, लोकांची तक्रार देण्याची सवय बदलली, की कागदावरचा आकडा हलतो. रस्त्यावर काहीच बदललेलं नसतं. म्हणून आधी प्रकार वेगळे करा, मग किमान पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा, नोंदणीत काय बदललं ते समासात लिहा, आणि त्यानंतरच वाढ-घट बोला.

‘मालाविरुद्धचे गुन्हे’ यात नेमकं काय धरतात?

दरोडा, जबरी चोरी, दिवसा घरफोडी, रात्री घरफोडी आणि चोरी. चोरीच्या पोटात वाहनचोरी, जनावरचोरी, खिसेकापू, इतर चोरी असे उपप्रकार येतात. दरोड्याला किमान पाच जण लागतात. चौघांनी सुरा दाखवून लुटलं तर ती जबरी चोरी होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मात्र दोन्हीला दरोडाच म्हटलेलं असतं.

दोन गोष्टी लोक यात धरतात, पण त्या यात नसतात. ‘पुढं खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ असं सांगून तोतया पोलिसानं बांगड्या लांबवल्या, किंवा दागिने पॉलिश करून देतो म्हणून सोनं उतरवून घेतलं, तर बहुतेक वेळा फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. ऑनलाइन गेलेले पैसेही फसवणुकीतच जातात, आणि त्यासाठी १९३० हा वेगळा क्रमांक आहे. घरफोड्या कमी झाल्या पण म्हाताऱ्या माणसांचं बँक खातं रिकामं होऊ लागलं, तर मालमत्तेच्या रकान्यात शहर सुधारलेलं दिसेल. फसवणुकीचा रकाना शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

शहराचा स्वतंत्र आकडा कुठे मिळतो?

तयार मिळत नाही, आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल मोठ्या महानगरांचे आकडे वेगळे देतो. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे, नागपूर असतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांची ओळ जिल्हावार तक्त्यात वेगळी असते. सांगलीला आयुक्तालय नाही, पोलीस अधीक्षक आहेत. त्यामुळे अहवालात ‘सांगली’ म्हणून दिसतो तो अख्खा जिल्हा: जत, आटपाडी, विटा, तासगाव, शिराळा सगळं धरून २०११ ची लोकसंख्या २८,२२,१४३. त्यात महापालिका क्षेत्र पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. जिल्ह्याच्या आकड्यावरून ‘सांगली शहरात घरफोड्या वाढल्या’ असं म्हणणं म्हणजे जतमधल्या घरफोडीचा हिशेब सांगली शहरातल्या विश्रामबागेवर टाकणं. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचा पुण्याहून निघणारा ‘महाराष्ट्रातील गुन्हे’ हा अहवालही जिल्ह्यापाशीच थांबतो.

शहराचा आकडा पोलीस ठाणी जोडूनच करावा लागतो: सांगली शहर, विश्रामबाग, संजयनगर, मिरज शहर, महात्मा गांधी चौक, एमआयडीसी कुपवाड. सांगली ग्रामीण आणि मिरज ग्रामीण यांच्या हद्दीत उपनगरं आणि गावं मिसळलेली असतात. ती धरायची की नाही ते एकदा ठरवा आणि सगळ्या वर्षांना तेच लावा.

मिरज जंक्शनचं विसरू नका. फलाटावर किंवा गाडीत बॅग गेली तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदतात. तो मिरज शहर ठाण्याच्या आकड्यात नसतो, सांगली जिल्ह्याच्या ओळीतही नसतो. लोहमार्ग पोलिसांचा हिशेब वेगळा चालतो. पुण्याहून, बेळगावहून, पंढरपूरकडून येणाऱ्या गाड्या जिथे थांबतात त्या गावासाठी ही वजाबाकी लहान नाही. एसटी स्थानकावरची चोरी मात्र शहराच्या ठाण्यात येते.

माहिती अधिकारात काय मागावं म्हणजे नकार येत नाही?

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. प्रतींना पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो.

मजकूर कोरडा ठेवा. ‘अमुक सहा पोलीस ठाण्यांत १ जानेवारी २०१५ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात दाखल झालेल्या दिवसा घरफोडी, रात्री घरफोडी, जबरी चोरी, मोटारसायकल चोरी आणि इतर चोरी या गुन्ह्यांची ठाणेनिहाय, महिनानिहाय संख्या, प्रत्येकातील उघड गुन्हे, गेला माल व मिळाला माल यांची रक्कम, या माहितीच्या मासिक गुन्हे विवरणाच्या प्रती.’ शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे. माहिती अशा स्वरूपात ठेवलेली नाही, हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा येतं. आधीच तयार असलेल्या विवरणाची प्रत मागितली की त्या उत्तराला जागा राहत नाही. ‘चोऱ्या का वाढल्या?’ असं विचारू नका. कारण सांगणं ही कायद्याच्या अर्थानं माहिती नव्हे, आणि तेवढ्यावर अख्खा अर्ज परत येतो.

ताजे गुन्हे पाहायचे तर राज्य पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर ठाणे आणि तारीख टाकून एफआयआर उघडता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानं बहुतेक एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक झालं. संवेदनशील गुन्हे यातून वगळलेले असतात, पण चोरी-घरफोडीला ती अडचण सहसा येत नाही. राष्ट्रीय अहवाल दीड-दोन वर्षं उशिरा येतो (२०२३ चा अहवाल २०२५ च्या सप्टेंबरअखेर आला), म्हणून चालू वर्षासाठी हाच मार्ग.

१ जुलै २०२४ नंतरचे आकडे जुन्या आकड्यांशी जुळतात का?

थेट जुळत नाहीत. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. साधी चोरी ३७९ होती, ती ३०३(२) झाली. घरातली चोरी ३८० वरून ३०५ मध्ये गेली. वाहनातून माल चोरणं आणि देवळातली मूर्ती चोरणं हेही आता त्याच कलमात आहे. चोरीसाठी दिवसा घरफोडी ४५४ वरून ३३१(३), रात्रीची ४५७ वरून ३३१(४). जबरी चोरी ३९२ ची ३०९(४), दरोडा ३९५ चा ३१०(२), चोरीचा माल घेणं ४११ चं ३१७(२). २०२४ हे वर्ष दोन तुकड्यांत आहे: जानेवारी ते जून जुनी कलमं, जुलैपासून नवी. नुसत्या नव्या कलमांनी शोध घेतला तर निम्मंच वर्ष हाती लागतं.

क्रमांक बदलले ते जुळवून घेता येतं. खरी गोम दोन ठिकाणी आहे.

पहिली, ‘हिसकावून चोरी’ला ३०४ हे स्वतंत्र कलम मिळालं. पूर्वी गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं की गुन्हा बहुधा ३९२ खाली, म्हणजे जबरी चोरीत जाई. आता तसलीच घटना कधी ३०४ खाली तर कधी ३०९ खाली येईल. जबरी चोरीचा रकाना घटला म्हणून आनंद मानण्याआधी दोन्ही कलमांची बेरीज करा.

दुसरी जास्त गंभीर आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र दाखवली आहे. अदखलपात्र म्हणजे एफआयआर नाही. फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्यांच्या) नोंदवहीत नोंद, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. सायकल, गॅसची टाकी, नळाची तोटी, जुना मोबाइल हे सारं त्या रेषेखाली जाऊ शकतं. गरीब घराला सायकल जाणं म्हणजे कामावर जायचं साधन जाणं, आणि तीच चोरी आता मोजणीतून गळण्याची भीती आहे. २०२५ मध्ये ‘इतर चोरी’ एकदम खाली आली असेल तर आधी एनसीचा आकडा मागा. माहिती अधिकाराच्या अर्जात तो रकाना आताच घाला.

एका वर्षात ४० टक्के वाढ म्हणजे घाबरण्यासारखं नाही का?

मूळ आकडा किती आहे त्यावर ते अवलंबून. समजा एका ठाण्यात गेल्या वर्षी १६ घरफोड्या झाल्या आणि यंदा २२. वाढ ३७.५ टक्के, बातमीला मथळा तयार. पण इतक्या लहान आकड्यात एवढा चढउतार निव्वळ योगायोगानंही होतो. तपासायची सोपी रीत अशी: दोन आकड्यांतला फरक घ्या, दोघांची बेरीज करून वर्गमूळ काढा, आणि फरकाला त्यानं भागा. उत्तर २ च्या वर आलं तरच बदल खरा मानायला आधार आहे. इथे फरक ६, बेरीज ३८, वर्गमूळ सुमारे ६.२, उत्तर १ च्याही खाली. आता समजा सहाही ठाणी मिळून १२० च्या १६५ झाल्या. फरक ४५, बेरीज २८५, वर्गमूळ १६.९, उत्तर २.७. इथे मात्र काहीतरी बदललं आहे, शोधायला हवं.

या रीतीची एक मर्यादा आहे. एकच टोळी एका रात्रीत एका कॉलनीतले सहा बंद फ्लॅट फोडते, तेव्हा त्या सहा घटना एकमेकींपासून सुट्या नसतात. अशा रात्री वेगळ्या नोंदवा आणि हिशेब त्यांच्यासह आणि त्यांच्याविना असा दोनदा करा.

लाख लोकसंख्येमागे दर काढावा का?

काढा, पण छेद जुना आहे हे विसरू नका. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. समजा ४०० चोऱ्या झाल्या. २०११ च्या लोकसंख्येनं भागलं तर लाखामागे सुमारे ८०. शहर आज सहा लाखांचं असेल तर तोच दर ६७. शहर वाढत असताना छेद गोठवला की गुन्हेगारी वाढल्याचा भास होतो. घरफोडीसाठी महापालिकेच्या घरपट्टीच्या नोंदीतली मिळकतींची संख्या आणि दुचाकीसाठी नोंदणीकृत दुचाकी हे छेद जास्त बरे. एमएच-१० ही नोंदणी जिल्ह्याची आहे एवढं मात्र ध्यानात ठेवा.

२०२० आणि २०२१ चं काय करायचं?

तुलनेचा पाया म्हणून वापरायचं नाही. लोक घरात होते, बंद घर मिळेना, बस-गाड्या थांबलेल्या. देशभर चोऱ्या ठळकपणे घटल्या. आणि त्याच २०२० मध्ये देशातले दंड संहितेखालचे एकूण गुन्हे मात्र सुमारे ३२ टक्के वाढलेले दिसतात! कारण टाळेबंदी मोडल्याबद्दल लागलेलं कलम १८८: २०१९ मध्ये २९,४६९ गुन्हे, २०२० मध्ये ६,१२,१७९. ‘एकूण गुन्हे’ हा आकडा किती फसवा असतो याचा यापेक्षा चांगला दाखला नाही. २०२२ ची तुलना २०१९ शी करा, २०२१ शी केली तर ‘प्रचंड वाढ’ हमखास निघते. सांगलीत तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि हजारो घरं रिकामी झाली, त्यामुळे २०१७ ते २०१९ ची सरासरी घेणं जास्त सुरक्षित.

घरफोडी कधी आणि कशी होते?

बहुतेक घरफोड्या बंद घरात होतात; झोपलेल्या माणसांच्या घरात शिरणं चोरालाही नको असतं. एप्रिल-मेच्या सुट्ट्या, दिवाळी, लग्नसराई हे हंगाम त्यामुळेच. दिवसाची घरफोडी नवरा-बायको दोघं कामाला जाणाऱ्या अपार्टमेंटमध्ये दुपारी होते.

एफआयआर काढून वाचा, ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द पुन्हापुन्हा येतील. कुलूप कितीही भारी असो, कोयंडा लाकडी चौकटीत पाऊण इंचाच्या चार स्क्रूंनी बसवलेला असतो. कटावणीनं एक हिसका दिला की कुलूप तसंच्या तसं राहतं आणि कोयंडा स्क्रूसकट बाहेर येतो. उपाय स्वस्त आहे: कोयंडा आरपार बोल्टनं बसवा आणि बोल्टचं डोकं गोल, नट आतल्या बाजूला घ्या, चौकटीकडच्या बाजूला तीन इंची स्क्रू भिंतीपर्यंत जाऊ द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेर लोंबणारं कुलूप रस्त्यावरून सांगतं की घरात कोणी नाही. बाहेरून दिसत नाही असं आतलं लॅच किंवा दारात बसवलेलं कुलूप वापरा. दूध आणि पेपर बंद करा, जिन्यातला दिवा शेजाऱ्यांकडून लावून घ्या.

दिवसा-रात्रीच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. कुटुंब चार दिवस पुण्याला गेलं आणि परत आल्यावर दार फुटलेलं दिसलं, तर चोरी कधी झाली कुणाला ठाऊक? फिर्यादीत ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेदरम्यान’ असं येतं आणि गुन्हा सहसा रात्रीच्या रकान्यात जातो. कल पाहताना दोन्हींची बेरीज घ्या.

सोनं बँक लॉकरमध्ये ठेवलं तरी बँकेची जबाबदारी मर्यादित आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर भरपाई वार्षिक भाड्याच्या १०० पट. भाडं २,००० असेल तर २ लाख. घरापेक्षा लॉकर सुरक्षितच, पण विमा वेगळा काढावा लागतो.

दुचाक्याच का जातात, आणि जातात कुठे?

जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या जास्त जातात. इग्निशनचं कुलूप झिजलेलं, त्यामुळे दुसरी कुठलीही झिजलेली चावी चालते. हँडल लॉक पायाच्या एका रेट्यात मोडतो. मागच्या बाजूच्या दोन वायरी जोडल्या की गाडी सुरू. मोटारींत बसतो तसा इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) या गाड्यांत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला आणि पुढे मोटारचोऱ्या मोठ्या प्रमाणात घटल्या. दुचाकीच्या बाबतीत आपण अजून तिथे पोचलेलो नाही.

मिरजेतली दवाखान्यांची दाटी इथे लक्षात घ्या. बाहेरगावचा नातेवाईक गाडी फाटकाबाहेर लावतो आणि पेशंटपाशी सहा-सात तास अडकतो. बाजारचा दिवस, मंगल कार्यालय, एसटी स्थानकाबाहेरची रांग ही ठिकाणंही तशीच. गाडी एकतर भंगारात सुटी होते, नाहीतर कागदपत्रं न विचारणाऱ्याला शेतात वापरायला विकली जाते. कर्नाटकाची हद्दही जवळ आहे. डिस्कला किंवा पुढच्या चाकाला वेगळं कुलूप, आणि सीटखाली लपवलेला कट-ऑफ स्विच, हे दोन्ही केलंत तर चोर बहुधा शेजारची गाडी बघतो.

विम्यासाठी घाई हवी. एफआयआर आणि विमा कंपनीला कळवणं त्याच दिवशी करा. दोन्ही मूळ चाव्या, आरसी आणि नंतर ‘अ समरी’ लागते. गुन्हा खरा, पण आरोपी व माल सापडला नाही, असा पोलिसांचा अंतिम अहवाल न्यायालयानं मंजूर केला की ती मिळते. ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. बहुतेकांचा दावा अडकतो तो दुसरी चावी हरवल्यामुळे.

मोबाइल चोरीला गेला तर ‘गहाळ’ दाखला घ्यावा की गुन्हा नोंदवावा?

खिशातून काढला हे कळत असेल तर चोरीचाच गुन्हा नोंदवा. ‘गहाळ’ नोंदीत तपास नसतो आणि ती गुन्ह्यांच्या आकड्यातही येत नाही. कित्येक शहरांत मोबाइलचोऱ्या कमी दिसतात त्या याच कारणानं. दोन्हीत एक काम मात्र सारखंच: आधी त्याच नंबरचं दुसरं सिम घ्या, मग चोरीचे-हरवलेले फोन बंद करणाऱ्या सरकारी सीईआयआर संकेतस्थळावर आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), तक्रारीची प्रत आणि बिल टाकून फोन ब्लॉक करा. ही सोय महाराष्ट्रात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये देशभर खुली झाली. आयएमईआय आजच *#०६# दाबून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर खोकं कुणालाच सापडत नाही.

उपनगरांतल्या शेतपंपांच्या केबलचोऱ्या शहराच्या आकड्यात धराव्यात का?

वेगळ्या धरा. तांब्याचा भाव चढला की या चोऱ्या वाढतात. बंद घर, गर्दी, गस्त यांचा त्यांच्याशी संबंध नाही. केबल जाळून तांबं काढतात आणि भंगारात विकतात. शेतकऱ्याचं नुकसान केबलच्या किमतीपेक्षा मोठं, कारण पाण्याची पाळी चुकते. इथे आकडा खाली आणायचा रस्ता भंगार दुकानाच्या खरेदी वहीतून जातो, आणि चोरीचा माल घेणाऱ्यांवर किती गुन्हे दाखल झाले हे विचारणं म्हणूनच गरजेचं आहे.

‘गेल्या मालाची’ रक्कम दरवर्षी वाढते. म्हणजे चोर धीट झालेत?

सोन्याचा भाव पाहा. १० ग्रॅमला २००५ साली साधारण ७ हजार, २०२० मध्ये ५० हजारांच्या पुढे, एप्रिल २०२५ मध्ये १ लाख. तेच दोन तोळ्यांचं गंठण गेलं तरी रक्कम चौदा पट. उलट अनेक फिर्यादींत दागिन्याची किंमत खरेदीच्या वेळची लिहिली जाते, म्हणजे एकाच वर्षातल्या दोन एफआयआरमध्येही माप वेगळं. रुपयांत तुलना करूच नका. शक्य असेल तर ग्रॅममध्ये करा. एखादी मोठी घटनाही वर्षाचा आकडा वाकवते. २०२३ च्या जूनमध्ये सांगली-मिरज रस्त्यावरच्या सराफी दुकानावर भर दिवसा सशस्त्र दरोडा पडला आणि कोट्यवधींचा ऐवज गेला. संख्येत तो एक गुन्हा. रकमेत मात्र त्यानं बाकी सगळं झाकून टाकलं.

गुन्हे उघडकीचं प्रमाण ७० टक्के सांगितलं जातं. ते कसं तपासायचं?

अंश आणि छेद एकाच वर्षाचे आहेत का ते विचारा. स्थानिक गुन्हे शाखेनं एक टोळी पकडली की तिच्याकडून मागच्या तीन वर्षांतले दहा-पंधरा गुन्हे उघड होतात, आणि ते यंदाच्या खात्यात पडले तर प्रमाण फुगतं. ‘२०२३ मध्ये दाखल गुन्ह्यांपैकी आजवर किती उघड’ असा प्रश्न केला की खरं उत्तर येतं. फिर्यादीला त्याहून जवळचा आकडा म्हणजे मिळाला माल. टोळी सापडते, सोनं तोवर वितळलेलं असतं.

सीसीटीव्हीनं फरक पडतो का?

तपासात पडतो, तोही कॅमेरा नीट असेल तर. पंधरा फुटांवरच्या कॅमेऱ्यात टोपीच दिसते. प्रवेशद्वाराशी सात-आठ फुटांवर चेहऱ्यासमोर एक हवाच. डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) दर्शनी खोलीत ठेवला तर चोर तोच उचलून नेतो. घड्याळ वीस मिनिटं पुढं-मागं असेल तर शेजारच्या कॅमेऱ्याशी सांगड लागत नाही. महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा. चित्रण बहुतेक ठिकाणी काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून चोरीच्याच दिवशी प्रत काढा. न्यायालयात ती टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५ ब).

घर फुटलेलं दिसलं. पहिल्या तासात काय करावं?

आत जाऊ नका, कपाटाला हात लावू नका. ठशांचा उपयोग तिथेच संपतो. ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत बाहेर बसून यादी करा: दागिना, वजन ग्रॅममध्ये, कुणाकडून आणि कधी घेतला, फोटो कुठे आहे. लग्नाच्या अल्बममधले फोटो यासाठी फार कामी येतात. नंतर आठवलेली वस्तू पुरवणी जबाबात घालता येते, पण पहिल्या यादीतलं वजन चुकलं तर माल ओळखताना त्रास होतो.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा घेऊन वर्ग करावा लागतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ ला स्पष्ट केलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, आणि साधी चोरी त्यात बसते. त्यामुळे ‘चौकशी चालू आहे’ असं ऐकलंत तर परवानगीची तारीख विचारून घ्या. तरीही नोंद होत नसेल तर तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. त्यानंतरची पायरी त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

माल सापडला असं कळलं. तो परत कधी मिळतो?

खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सुंदरभाई देसाई खटल्यात मुद्देमाल ठाण्यात कुजत ठेवू नये असं बजावलं आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये फोटो-चित्रीकरण करून ठराविक मुदतीत विल्हेवाट लावायची तरतूद आहे. संबंधित न्यायालयात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज द्या. सोबत एफआयआरची प्रत, बिल किंवा फोटो, ओळखपत्र, गाडी असेल तर आरसी आणि विमा. पोलिसांचं म्हणणं आल्यावर बंधपत्रावर वस्तू ताब्यात मिळते. खटल्यात बोलावलं तर ती हजर करावी लागते, म्हणून गाडी परस्पर विकू नका आणि सुपूर्दनाम्याची (वस्तू ताब्यात दिल्याच्या कागदाची) प्रत गाडीच्या कागदांसोबत ठेवा. सोनं लगडीच्या रूपात सापडलं तर ते एकाच फिर्यादीचं आहे की चौघांचं यावर घोळ होतो. अशा वेळी पहिल्या यादीत लिहिलेले ग्रॅमच उपयोगी पडतात.